नवे ताम्रपट : कारागीर तितक्या रीती

इतिहासाच्या तासाला आपण ताम्रपटांविषयी ऐकतो. राजाने दिलेली जमीन पुढच्या राजांनीही दिलेलीच मानावी, म्हणून दानाचा मजकूर तांब्याच्या पत्र्यावर कोरून ठेवीत. आज आपणा प्रत्येकाच्या खिशात असाच एक ताम्रपट असतो, हे मात्र सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. मोबाइल, रेडिओ, टीव्हीचा रिमोट, कोणतेही उपकरण उघडा. आत हिरव्या किंवा तपकिरी रंगाची एक पाटी दिसते आणि तिच्यावर तांब्याच्या नाजूक वाटा वळणे घेत गेलेल्या असतात. त्या वाटांवर दानाचा मजकूर नसतो. विजेने कोठून निघावे, कोठे थांबावे आणि कोणाला भेटून पुढे जावे याचा तो हुकूम असतो. या पाटीला तिच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून सगळे जण पीसीबी म्हणतात. मीही तसेच म्हणणार आहे. कारण ‘मुद्रित परिपथ फलक’ मागितला, तर बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीतला दुकानदार मुकाट्याने दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळेल.

मी कला शाखेची, तत्त्वज्ञान हा विषय घेतलेली विद्यार्थिनी. “तुला हे उद्योग कशाला?” असे मैत्रिणींनी विचारून झाले आहे, आणि घरच्यांनी विचारणे सोडून दिले आहे. रविवारी सकाळी एका गच्चीवर आम्ही सात-आठ छांदिष्ट जमतो. त्यांत एक निवृत्त टेलिफोन मेकॅनिक आहेत, ज्यांना सगळे काका म्हणतात. दोन-तीन अभियांत्रिकीचे विद्यार्थी आहेत. रेडिओ दुरुस्त करणारे एक गृहस्थ आहेत. पाटी घरच्या घरी कशी करावी, या एकाच प्रश्नावर आमच्यात जितकी मते आहेत तितकी माणसे नाहीत. कारण काकांची दोन मते आहेत. या लेखात मला ती पाटी कशी तयार होते हे तर सांगावयाचे आहेच. पण त्याहूनही, अशा मतभेदांचे करावे काय, याचा विचार मांडावयाचा आहे.

पाटी आणि तिचे विरोधक

पूर्वी रेडिओच्या पेटीत एकेक भाग तारेने दुसऱ्या भागाला जोडीत. हौशी लोक तर पाव कापण्याच्या लाकडी पाटावर खिळे ठोकून त्यांना तारा गुंडाळीत. ‘ब्रेडबोर्ड’ हा आजचा शब्द त्या पाटावरूनच आला. व्हिएन्नात जन्मलेला पॉल आइस्लर हा अभियंता इंग्लंडमध्ये आला आणि १९३६ च्या सुमारास त्याने छापील पाटीवर रेडिओ तयार केला. कारखानदारांना प्रारंभी त्यात रस वाटला नाही. दुसऱ्या महायुद्धात मात्र लक्ष्याजवळ पोहोचताच फुटणाऱ्या तोफगोळ्यांच्या फ्यूजसाठी अमेरिकेला दणकट आणि लहान परिपथ हवे होते. तेथे छापील परिपथ उपयोगी पडले आणि युद्धानंतर ते घरोघरच्या रेडिओत शिरले.

तरीही विरोध संपला नव्हता. अमेरिकेतील झेनिथ कंपनी पुढेही कित्येक वर्षे ‘आमच्या टीव्हीत छापील परिपथ नाहीत, सर्व जोडणी हाताची’ अशी जाहिरात करीत होती. आज हे वाचून हसू येते. पण त्या काळच्या कागदी पाट्या व्हॉल्व्हच्या उष्णतेने तडकत आणि तांब्याच्या वाटा पाटीवरून उचलल्या जात. म्हणजे पाटी नको म्हणणाऱ्यांजवळ कारण होते. पुढे काचतंतू आणि इपॉक्सीच्या पाट्या आल्या, उष्ण व्हॉल्व्ह जाऊन थंड ट्रान्झिस्टर आले, आणि ते कारण उरले नाही. मत चुकीचे ठरले नाही. त्याच्या पायाखालची परिस्थिती बदलली. हा फरक वाचकांनी ध्यानात ठेवावा. पुढे तो उपयोगी पडणार आहे.

खोदकाम नव्हे, झाकणे

ताम्रपटावर अक्षर कोरतात. पीसीबीत सामान्यतः उलट करतात. बाजारात जी कोरी पाटी मिळते तिच्या अंगावर सगळीकडे तांब्याचा पातळ थर असतो. हा थर सर्वसाधारणपणे ३५ मायक्रॉन, म्हणजे एका मिलिमीटरच्या तिसाव्या भागाहून किंचित जाड असतो. जेथे वाट हवी तेथील तांबे झाकावयाचे आणि पाटी तांबे खाणाऱ्या द्रावणात ठेवावयाची. उघडे तांबे विरघळून जाते, झाकलेले वाचते. मग झाकण पुसले की वाटा उरतात. पुढे भोके पाडून भाग बसवावयाचे आणि डाख द्यावयाचा.

चित्रकलेची आवड असणाऱ्यांना ही युक्ती ओळखीची वाटेल. रेम्ब्रांने आपली कित्येक चित्रे अशीच तांब्याच्या पत्र्यावर केली. पत्र्यावर मेणासारखा लेप द्यावयाचा, सुईने लेपावर रेघा ओढावयाच्या आणि पत्रा आम्लात बुडवावयाचा. तेथे उघडी रेघ खाल्ली जाते आणि तिच्यात शाई भरते. आमच्याकडे झाकलेली रेघ वाचते आणि तिच्यातून वीज जाते. तत्त्व एकच आहे.

तेव्हा प्रश्न दोनच: झाकावे कशाने, आणि खाववावे कशाने? सगळी भांडणे या दोन प्रश्नांतून निघतात.

झाकण्याचे पक्ष

पहिला पक्ष हाताने काढणाऱ्यांचा. ऑइलपेंट आणि बारीक कुंचला, नेलपॉलिश किंवा न पुसणारे मार्कर पेन. खर्च नाहीच म्हटला तरी चालेल. रेघ जाड येते आणि दुसरी पाटी पहिलीसारखी होत नाही.

दुसरा पक्ष इस्त्रीवाल्यांचा. लेझर प्रिंटरची काळी भुकटी म्हणजे रंगीत प्लॅस्टिकच असते. गुळगुळीत कागदावर आकृती उलटी छापून ती तांब्यावर ठेवायची आणि वरून कडकडीत इस्त्री दाबायची. भुकटी वितळून तांब्याला चिकटते; कागद पाण्यात भिजवून काढून टाकायचा. शाईच्या प्रिंटरला हे जमत नाही, कारण त्याच्या शाईत वितळणारे प्लॅस्टिक नसते. हात बसला म्हणजे अर्ध्या मिलिमीटरहून बारीक वाटा येतात. पण कोणता कागद, किती तापमान, किती वेळ, याबद्दल प्रत्येक इस्त्रीवाल्याचे उत्तर वेगळे असते. आणि गंमत अशी की ते प्रत्येकाच्या घरी खरे ठरते. कारण प्रत्येकाचा प्रिंटर, कागद आणि इस्त्री वेगळी असते.

तिसरा पक्ष प्रकाशवाल्यांचा. पाटीवर प्रकाशाने बदलणारी पातळ फिल्म चिकटवावयाची, तिच्यावर आकृतीची पारदर्शिका ठेवून अतिनील दिव्याखाली धरावयाची, आणि मग धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात नको तो भाग धुऊन काढावयाचा. वाटा सुबक येतात, पाहिजे तितक्या वेळा तशाच येतात. पण फिल्म उन्हापासून जपावी लागते आणि तिला सुरकुती पडली की खेळ संपला.

खाववण्याचे पक्ष

फेरिक क्लोराइड हे या छंदातले जुने आणि सर्वज्ञात द्रावण. ते सावकाश पण भरवशाने काम करते आणि विशेष वाफा सोडत नाही. द्रावण कोमट केले की वेग वाढतो. मात्र ते गडद तपकिरी असल्यामुळे आत काय चालले आहे दिसत नाही, आणि कपड्यावर उडालेला डाग कोणत्याही साबणाला दाद देत नाही.

हायड्रोक्लोरिक आम्ल आणि हायड्रोजन पेरॉक्साइड यांचे मिश्रण पारदर्शक असते आणि काही मिनिटांत काम उरकते. पण त्याच्या वाफा नाकाला झोंबतात आणि जवळच्या पकडी-कानसांना गंज चढवतात. सोडियम परसल्फेटची पांढरी भुकटी कोरडी ठेवता येते; तिचे द्रावण कोमट लागते आणि तांबे विरघळेल तसे सुंदर निळे होत जाते. आणि अलीकडे स्वयंपाकघरवाल्यांचा पक्ष वाढला आहे: औषधाच्या दुकानातले सौम्य पेरॉक्साइड, लिंबूफूल आणि मीठ. वेळ बराच लागतो, पण काम होते.

या लिंबूफुलाची एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. एडिंबरो येथे १९९० च्या दशकात फ्रीडहार्ड कीकेबेन या मुद्राचित्रकाराने फेरिक क्लोराइडमध्ये सायट्रिक आम्ल, म्हणजे आपले लिंबूफूल, मिसळून पाहिले. रेघांमध्ये साचणारा गाळ त्यामुळे कमी झाला आणि काम अधिक स्वच्छ व वेगाने होऊ लागले. ‘एडिंबरो एच’ या नावाने ही रीत चित्रकारांत पसरली आणि हौशी इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांनीही ती उचलली. एका कलावंताचे मत तंत्रज्ञांनी ऐकून घेतले, याचा आपल्या कला महाविद्यालयात थोडा अभिमान बाळगायला हरकत नाही.

द्रावणच नको म्हणणारेही आहेत

काही जण संगणकाने चालणाऱ्या छोट्या यंत्राने नको ते तांबे खरवडून काढतात. म्हणजे खऱ्या ताम्रपटाच्या रीतीकडे परत जातात. रसायन नाही, पण काचतंतूंची बारीक धूळ उडते आणि ती फुप्फुसात जाऊ देता कामा नये. काही जण म्हणतात, हे सगळे कशाला? संगणकावर आकृती काढा आणि कारखान्याला पाठवा. किकॅड नावाचे मोफत सॉफ्टवेअर १९९२ साली फ्रान्समध्ये झाँ-पिएर शारास यांनी सुरू केले. त्यावर आकृती काढली की चीनमधले कारखाने थोड्या डॉलरांत पाच छोट्या पाट्या करून देतात. मात्र टपाल, जकात आणि वाट पाहणे यांचा हिशेब त्यात धरावा लागतो.

आणि एक पक्ष तर पाटीवर वाटा काढायलाच नको म्हणतो. कोऱ्या तांब्याच्या पत्र्यावरच भाग उलटेसुलटे उभे करून हवेतल्या हवेत डाख द्यावयाचा. पाहणाऱ्याला तो कोळ्याच्या जाळ्यासारखा गचाळ प्रकार वाटतो. पण लिनिअर टेक्नॉलॉजी या कंपनीतले विख्यात अभियंते जिम विल्यम्स आपले वेगवान परिपथ असेच जुळवीत. २०११ साली त्यांच्या निधनानंतर त्यांचे पसाऱ्याने भरलेले टेबल अमेरिकेतल्या कॉम्प्युटर हिस्टरी म्युझियममध्ये मांडले गेले. हैदराबादचे अश्हर फरहान यांनी हौशी रेडिओवाल्यांसाठी स्वस्त भागांतून आखलेला ‘बिटएक्स’ हा संच जगभर उभारला गेला, आणि तोही प्रथम कोऱ्या तांब्यावर हवेतच जुळवलेला होता. यामागे शास्त्र आहे. उच्च वारंवारतेला अखंड तांब्याची जमीन आणि आखूड जोडण्या मानवतात. तेथे सुबक आखलेली बारीक वाट कधी कधी या ‘गचाळ’ जोडणीपुढे हरते.

वाद, जल्प आणि वितंडा

आता मतभेदाकडे वळते. आमच्या गच्चीवर एका रविवारी मुळशी तालुक्यातल्या एका गावाहून वाणिज्य शाखेचा एक मुलगा आला. त्या दिवशी मी परीक्षेमुळे गेले नव्हते. काकांनी मागाहून सांगितले. त्याने आपल्या हाताने केलेली पाटी आणली होती, आणि तिच्यावरच्या वाटा नेलपॉलिशने काढल्या होत्या. एकाने ती सर्वांना फिरवून दाखवली आणि म्हणाला, “हे कोणत्या शतकातले?” सगळे हसले. मुलगाही हसला. पुढच्या रविवारी तो आला नाही, आणि त्यानंतरही आला नाही.

पुढे एकदा बसथांब्यावर त्याची गाठ पडली. त्याच्या गावात लेझर प्रिंटर नाही. एका कागदासाठी पौडला जावे लागते. त्याची पाटी म्हणजे टाकी भरली की वाजणारी घंटा होती. त्या परिपथाला काडेपेटीतल्या काडीएवढी रुंद वाट चालते; अर्ध्या मिलिमीटरचा सुबकपणा तेथे काहीच कामाचा नाही. फेरिक क्लोराइडचा ट्रे तो गरम पाण्याच्या घमेल्यात तरंगत ठेवीत असे, म्हणजे द्रावण कोमट राहते आणि वीजही लागत नाही. गावातल्या चार घरांत त्याच्या घंटा वाजत आहेत. आमच्या मंडळात त्या महिन्यात पूर्ण झालेल्या आणि कोणाच्या तरी उपयोगी पडणाऱ्या पाट्या मोजल्या असत्या, तर तोच पहिला आला असता. काकांनी त्याला दोनदा फोन केला. “येतो,” म्हणाला, अजून आलेला नाही.

आमच्या अभ्यासक्रमात न्यायदर्शन आहे. न्यायसूत्रांत चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. सत्य शोधण्यासाठी होतो तो वाद. जिंकण्यासाठी होतो तो जल्प. आणि स्वतःचा पक्ष न मांडता केवळ समोरच्याचे खंडन करीत राहणे म्हणजे वितंडा. “हे कोणत्या शतकातले?” ही वितंडाच होती, तिच्यात नेलपॉलिशऐवजी काय वापरावे आणि का, याचे उत्तर नव्हते. आपल्या जुन्या ग्रंथकारांची रीत याच्या नेमकी उलट होती. ते आधी विरोधकाचा पूर्वपक्ष मांडीत, आणि तोही शक्य तितका भक्कम करून. मगच उत्तर देत. नेलपॉलिशचा पूर्वपक्ष कोणी भक्कम करून मांडला असता, तर त्या मुलाचे गाव, प्रिंटरचे अंतर आणि वाटेची रुंदी आपोआप चर्चेत आली असती.

मला वाटते, आमच्या छंदातली बहुतेक मते ही अर्धी वाक्ये असतात. ‘इस्त्रीची रीत उत्तम’ हे अर्धे वाक्य झाले. ‘माझ्या प्रिंटरवर, या कागदावर, दहा-वीस वाटांच्या पाटीला इस्त्रीची रीत उत्तम’ हे पूर्ण वाक्य. झेनिथवाल्यांचे मतही व्हॉल्व्ह आणि कागदी पाटी या अटींसह वाचले की पूर्ण होते. वाक्ये पूर्ण केली की निम्मी भांडणे मिटतात, कारण दोघेही आपापल्या अटींत खरे असतात. उरलेल्या निम्म्यांसाठी एकाच आकृतीच्या दोन पाट्या दोन रीतींनी करून पाहाव्यात. तांबे कोणाचा मुलाहिजा ठेवीत नाही.

जेथे मत चालत नाही

मात्र मतांचे स्वागत याचा अर्थ सगळ्या विधानांना सारखाच मान असा नव्हे. काही गोष्टी आवडीनिवडीच्या नाहीत. पाण्यात आम्ल घालावे, आम्लात पाणी नव्हे. पेरॉक्साइडचे मिश्रण घट्ट बुचाच्या बाटलीत भरून ठेवू नये, कारण आत वायू तयार होत राहतो आणि बाटली फुटू शकते. आम्लाच्या जवळ ब्लीचिंगचे पाणी आणू नये; विषारी क्लोरीन निघतो. डोळ्यांवर चष्मा आणि हातांत मोजे हवेतच, आणि काम उघड्या हवेत करावे. “इतकी वर्षे केले, काही झाले नाही” हे येथे प्रमाण मानता येत नाही. त्यातून केवळ एका माणसाचे नशीब कळते.

दुसरी गोष्ट वापरून झालेल्या द्रावणाची. “लिंबूफूल आणि मीठच तर आहे, ओता मोरीत” असे पुष्कळ जण म्हणतात. साधा हिशेब करू. दहा सेंटिमीटर लांब-रुंद पाटीवर ३५ मायक्रॉन जाडीचे तांबे सुमारे ३ ग्रॅम भरते. त्यातले २ ग्रॅम विरघळले असे धरा. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे २ मिलिग्रॅमपर्यंत तांबे असावे, ही जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आहे. म्हणजे एका पाटीतून सुटलेले तांबे १००० लिटर पाणी त्या मर्यादेपर्यंत नेऊन पोहोचवते. मासे आणि पाण्यातले सूक्ष्म जीव तर याहून पुष्कळ कमी तांब्यानेही मरतात. द्रावण स्वयंपाकघरातले असो की प्रयोगशाळेतले, त्यात विरघळलेले तांबे तेच असते.

यावर उपाय अवघड नाही. वापरलेल्या द्रावणात धुण्याचा सोडा थोडा थोडा घालावा. फसफस होते, म्हणून भांडे मोठे घ्यावे. लिंबूफुलाच्या द्रावणात बरेच तांबे तरीही विरघळलेलेच राहते, पण इतर द्रावणांत फसफस थांबेपर्यंत सोडा घातला की तांबे गाळ होऊन खाली बसते. तो गाळ गाळून, वाळवून, डब्यात साठवावा. आमच्या मंडळाचा डबा आम्ही शेजारच्या एका विज्ञान महाविद्यालयाच्या रसायनशाळेत त्यांच्या घातक कचऱ्याबरोबर देतो. या एका बाबतीत गच्चीवर मतदान होत नाही. कारण रीत कोणती वापरावी हा करणाऱ्याचा प्रश्न आहे. पण मोरीतून वाहून जाते ते मुळा-मुठेला मिळते, आणि नदीचे मत विचारायला कोणी जात नाही.

तेव्हा माझे म्हणणे थोडक्यात असे. ज्या रीतीचा परिणाम करणाऱ्यापुरता आहे तेथे मतभेदाला दार सताड उघडे ठेवावे, आणि प्रत्येक मताला त्याच्या अटी विचाराव्यात. ज्या कृतीची झळ दुसऱ्याला लागते तेथे मत नव्हे, पुरावा विचारावा. या दोन खोल्यांची गल्लत झाली की एकीकडे नेलपॉलिशवाला मुलगा घरी बसतो आणि दुसरीकडे तांब्याचे पाणी बिनबोभाट नदीला मिळते. हे केवळ पीसीबीपुरते खरे असेल असे मला वाटत नाही. शुद्धलेखनापासून निवडणुकीपर्यंत आपल्या कट्ट्यावर जे वाद रंगतात त्यांनाही हीच दोन दारे लावून पाहावीत.

ज्या वाचकांना पाटी करून पाहण्याची इच्छा असेल त्यांनी सुरुवात टाकीच्या घंटेने करावी. तिला भाग थोडे लागतात, वाट जाड चालते, आणि घरातल्या माणसांना छंदाचा उपयोग लगेच पटतो. रीत कोणतीही घ्या. फक्त काय वापरले, किती वेळ लागला आणि काय बिघडले हे एका वहीत लिहून ठेवा. आमच्या गच्चीवर आता अशी एक वही ठेवली आहे. तिच्या पहिल्या पानावर काकांनी त्या मुलाची घमेल्यातल्या गरम पाण्याची युक्ती त्याच्या नावानिशी उतरवली आहे.